‘मेतेगोल’ : एक चित्रपट, त्याची नावे आणि प्रेक्षकांची मते

कलाकृतीविषयी सामान्य प्रेक्षक जी मते देतो ती टीकाकाराने कितपत प्रमाण मानावीत, हा वाद जुना आहे. एक पक्ष लोकमताला अभिरुचीचा अंतिम निवाडा समजतो. दुसरा पक्ष त्याकडे गर्दीचा गोंगाट म्हणून पाहतो. संस्कृत रसचर्चेने ‘सहृदय’ ही कोटी कल्पून या वादातून वाट काढली खरी. परंतु त्या चर्चेत एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली होती. ती ही, की सर्व सहृदयांपुढे होणारा प्रयोग एकच असतो. देशोदेशी नवे आवाज चढवून हिंडणाऱ्या आजच्या चित्रपटाच्या बाबतीत हे गृहीतच ढासळते. मुंबईचा प्रेक्षक, माद्रिदचा प्रेक्षक आणि ब्वेनोस आयरेसचा प्रेक्षक हे एकाच पडद्याकडे पाहत असले तरी एकच चित्रपट ऐकत असतात, असे म्हणता येत नाही. ‘मेतेगोल’ या अर्जेंटिनी अॅनिमेशनपटाविषयी जी मते व्यक्त झाली त्यांचा विचार याच बाजूने करणे उपयुक्त ठरेल. (अॅनिमेशनला मराठीत ‘व्यंगपट’ असा जुना शब्द आहे, पण तो विनोदाकडे इतका झुकलेला आहे, की जेथे चित्रांतील माणसे रडतातही तेथे तो वापरणे अवघड जाते.)

प्रथम चित्रपटाची माहिती. हुआन होसे काम्पानेला यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट जुलै २०१३ मध्ये अर्जेंटिनात प्रदर्शित झाला. काम्पानेला यांच्या आधीच्या चित्रपटास २०१० साली परभाषीय चित्रपटाचे ऑस्कर पारितोषिक मिळाले होते. त्यामुळे त्यांनी मुलांसाठी चित्रपट करावा याचेच पुष्कळांना नवल वाटले. अर्जेंटिना आणि स्पेन यांच्या सहकार्याने झालेल्या या निर्मितीवर सुमारे दोन कोटी डॉलर खर्च झाले. अर्जेंटिनात वीस लाखांहून अधिक प्रेक्षकांनी तो पाहिला आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये स्पेनचे गोया पारितोषिक त्यास लाभले. कथानक साधे आहे. एका लहानशा गावातील मद्यगृहात काम करणारा अमादेओ हा बुजरा मुलगा मेजावरील फुटबॉलमध्ये अजोड असतो. लहानपणी त्याने ज्याला हरविले तो ग्रोसो पुढे जगप्रसिद्ध फुटबॉलपटू होतो, आणि तो अपमान न विसरता परत येऊन सारे गावच विकत घेतो. तेथे त्याला भव्य क्रीडांगण उभारावयाचे असते. मद्यगृह पाडले जाते, मेज मोडले जाते. परंतु मेजावरील शिशाचे खेळाडू जिवंत होतात आणि अमादेओच्या पाठीशी उभे राहतात. शेवटी गावकऱ्यांचा संघ ग्रोसोच्या धंदेवाईक संघाशी खऱ्या मैदानावर सामना खेळतो. ही सारी हकीकत बाप आपल्या मुलास गोष्ट म्हणून सांगत आहे, अशी चौकट तिला दिलेली आहे.

या चित्रपटाविषयीच्या मतांचे दोन ठळक प्रवाह दिसतात. मायदेशी त्याचे स्वागत अभिमानाने झाले. ‘हे आमच्याकडेही होऊ शकते’, हा त्या अभिमानाचा सूर होता आणि तो मुख्यतः तंत्राविषयी होता. देशाबाहेर, विशेषतः इंग्रजी बोलणाऱ्या जगात, त्याची तुलना ‘टॉय स्टोरी’ (१९९५) या अमेरिकन चित्रपटाशी झाली आणि त्या तुलनेत तो उणा ठरला. वरवर पाहता ही मते परस्परविरुद्ध आहेत. वस्तुतः दोन्ही एकाच मापाने मोजलेली आहेत. ते माप कॅलिफोर्नियातील. एकाने ‘आम्ही तेथवर पोहोचलो’ म्हटले, दुसऱ्याने ‘नाही पोहोचला’ म्हटले. चित्रपट कोठून निघाला हे मात्र दोघांनीही विचारले नाही.

तो कोठून निघाला हे त्याच्या नावातच आहे. ‘मेतेगोल’ हा अर्जेंटिनातील शब्द. ‘मेते’ म्हणजे घालतो, आणि ‘गोल’ म्हणजे फुटबॉलमधील गोल. क्रियापद आणि त्याचे कर्म एकत्र बांधून वस्तूचे नाव बनविण्याची ही स्पॅनिश भाषेची आवडती रीत आहे. बूच काढणाऱ्या हत्याराला ती ‘साकाकोर्चोस’ म्हणते, म्हणजे बुचे-काढ. छत्रीला ‘पाराग्वास’, म्हणजे पाणी-अडव. मराठीतही ही रीत आहे, परंतु क्रम उलटा : पाकीटमार, खिसेकापू, लाकूडतोड्या. या समासांना बाजाराचा, रस्त्याचा वास असतो. पंडितांनी पारिभाषिक शब्द घडविताना ते सहसा असे घडवीत नाहीत. ‘मेतेगोल’ हे नाव कोणत्याही समितीने दिलेले नव्हे, ते खेळणाऱ्यांनी दिलेले आहे, हे त्याच्या बांधणीवरूनच ओळखू येते.

हाच खेळ स्पेनमध्ये ‘फुतबोलीन’ होतो, म्हणजे चिमुकला फुटबॉल. चिलीत तो ‘ताका-ताका’ आहे. लाकडावर चेंडू आपटण्याचा आवाजच तेथे नाव झाला. उरुग्वेत ‘फुतबोलितो’, ब्राझीलमध्ये ठिकाणपरत्वे ‘पेबोलिं’ किंवा ‘तोतो’. फ्रेंच त्याला बेबीफूट म्हणतात, जर्मन किकर. अमेरिकेत तो ‘फूसबॉल’ झाला, म्हणजे जर्मन भाषेतील फुटबॉल याच शब्दाचा अपभ्रंश. तेथे खुद्द मैदानी फुटबॉलला मात्र ‘सॉकर’ म्हणतात. इटलीत ‘काल्चो बालिल्ला’ असे नाव पडले आणि त्यातील उत्तरार्धात मुसोलिनीच्या काळातील बालसंघटनेची आठवण अजून राहिली आहे. इतकी नावे असलेली वस्तू ही लोकांच्या हाताखालची वस्तू असते. जन्मकथाही तशीच. इंग्लंडमध्ये १९२० नंतरच्या काळात तिचे एक पेटंट घेतले गेले होते. परंतु स्पॅनिश लोकांच्या स्मरणात राहिली ती आलेहांद्रो फिनिस्तेर्रे या कवीची कथा. यादवी युद्धात माद्रिदवरील बाँबवर्षावात जखमी होऊन रुग्णालयात पडलेल्या या तरुणाने, पाय गमावलेल्या मुलांना फुटबॉल खेळता यावा म्हणून, हा खेळ योजिला आणि १९३७ साली बार्सेलोनात त्याची नोंद केली. ज्या खेळातील खेळाडूंना पाय असून चालता येत नाही तो खेळ चालता न येणाऱ्या मुलांसाठी निघाला, ही गोष्ट चित्रपटकर्त्यांनी कोठे वापरलेली नाही. वापरली असती तर आश्रूंनी शिशाला जीव आणण्याची गोड युक्ती त्यांना कदाचित लागलीच नसती.

चित्रपट अर्जेंटिनाबाहेर पडताच त्याचे नाव बदलले. स्पेनमध्ये तो ‘फुतबोलीन’ झाला, हे समजण्यासारखे आहे. परंतु इंग्लंडमध्ये तो ‘द अनबीटेबल्स’ आणि अमेरिकेत ‘अंडरडॉग्ज’ या नावाने लोकांपुढे आला. पहिल्या नावाचा अर्थ अजिंक्य, दुसऱ्याचा अर्थ हरण्याचीच ज्यांची शक्यता अधिक असे दुबळे. एकाच कथेला दोन देशांत नेमकी उलट नावे मिळावीत, आणि तीही एकाच भाषेत, असे उदाहरण विरळाच. मूळ नाव वस्तूचे होते. ही दोन्ही नावे निकालाची आहेत. वस्तू नाहीशी झाली तेव्हा उरला तो कोण जिंकतो एवढाच प्रश्न. आणि ज्या प्रेक्षकाला तिकिटावरच हा प्रश्न छापून मिळाला, त्याने चित्रपटास खेळपटांच्या ठरीव साच्यातील आणखी एक म्हणून मोजले तर त्याचा दोष काय? गंमत अशी, की अखेरच्या सामन्यात अमादेओचा संघ हरतो. ‘अजिंक्य’ म्हणून ज्यांना पाहावयास बोलाविले ते पराभूत होऊन, आणि टाळ्या घेऊन, मैदानाबाहेर पडतात.

प्रेक्षकाचे मत घडते ते वस्तूशी असलेल्या त्याच्या पूर्वपरिचयातून, हे पडताळून पाहण्यास महाराष्ट्रातील एखादे गाव डोळ्यांपुढे आणावे. केडगाव घ्या. (दौंडजवळचे, पंडिता रमाबाईंच्या मुक्तिमिशनमुळे सर्वपरिचित झालेले केडगाव ते निराळे, येथे अभिप्रेत आहे ते नगरच्या पुणे रस्त्यावरील, रेणुकामातेच्या देवस्थानाचे केडगाव.) शहराच्या वेशीवरचे हे गाव आज महानगरपालिकेच्या हद्दीत आहे, जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, तरी लोकांच्या तोंडी नुसते ‘नगर’च आहे. अशा गावातील मुलाला मेजावरचा फुटबॉल ठाऊक असलाच तर तो पुण्यातील एखाद्या मोठ्या दुकानसंकुलातला किंवा संगणक-कंपनीच्या कचेरीत विरंगुळ्यासाठी ठेवलेला. म्हणजे तेथे ती श्रीमंतीची खूण आहे. अर्जेंटिनात ती गरिबाच्या करमणुकीची, कोपऱ्यावरच्या कळकट मद्यगृहाची खूण होती. नाणे टाकावे आणि खेळावे. चित्रपटाचा सारा भावार्थ या सामाजिक पायरीवर उभा आहे. ती पायरी उलटली, की अमादेओ हा हातची एकुलती एक वस्तू गमावणारा गरीब मुलगा राहत नाही. महागड्या खेळण्यासाठी रुसलेला मुलगा होतो. मग केडगावच्या प्रेक्षकाने ‘गोष्ट चांगली, पण त्याच्यासाठी जीव तुटत नाही’ असे म्हटले तर ते मत खोटे नव्हे आणि अरसिकपणाचेही नव्हे. ते दुसऱ्याच वस्तूविषयीचे मत आहे.

त्याच मुलाला मेजाऐवजी कॅरमचा बोर्ड दाखविला असता तर? कोपरे झिजलेला, मंडळाच्या खोलीत बल्बखाली ठेवलेला, पावडरीने पांढरा झालेला बोर्ड, एक सोंगटी हरवली म्हणून तिच्या जागी ठेवलेले शर्टाचे बटण, आणि राणी घेतल्यावर ‘कव्हर’ न मिळाल्यामुळे झालेली भांडणे. हे सारे सांगण्यावाचून त्याला कळते. तो बोर्ड पाडकामाच्या ढिगाऱ्यात गेला हे दृश्य त्याला नुसते पाहून भागले नसते. निर्जीवाने बोलावे, चालावे याचे तर मराठी मनाला वावडेच नाही. रेड्याच्या मुखी वेद आणि चालणारी भिंत या कथांवर येथील बालपण पोसलेले आहे, आणि दादासाहेब फाळके यांनी १९१५ च्या सुमारास आगकाड्यांना चालते करून ‘आगकाड्यांची मौज’ पडद्यावर आणली होती. अडचण चमत्काराची नाही. अडचण ओळखीची आहे.

आता आवाजाकडे वळावे. चित्रपटाचे मूळ रोबेर्तो फोन्तानारोसा यांच्या एका लघुकथेत आहे. रोसारिओ शहरात १९४४ साली जन्मलेले आणि २००७ साली निवर्तलेले फोन्तानारोसा हे व्यंगचित्रकार आणि विनोदी कथाकार म्हणून अर्जेंटिनात घरोघरी परिचित होते. त्यांची ही कथा म्हणजे उजव्या बगलेवर खेळणाऱ्या एका खेळाडूचे स्वगत आहे. तो आपल्या जागेविषयी, सोबत्यांविषयी, वर्षानुवर्षांच्या खेळाविषयी बोलत राहतो. आणि बोलणारा हा मेजावरील दांडीला जखडलेला पुतळा आहे हे वाचकाला हळूहळू उमगते. कथेची सर्व करामत प्रथमपुरुषी सर्वनामात आहे. ‘मी’ म्हणणाऱ्यास देह असतो, पाय असतात, तो हवा तेथे जाऊ शकतो, असे वाचक भाषेच्या सवयीनेच धरून चालतो, आणि लेखक ती सवय शेवटपर्यंत वापरून घेतो. चित्रपटास हे शक्य नाही. तो पहिल्या क्षणी पुतळा दाखवितो, रहस्य संपते. म्हणून काम्पानेला आणि त्यांचे सहलेखक (त्यांत फुटबॉलवरील कथांसाठी नावाजलेले एदुआर्दो साचेरी होते) यांनी कथेचे रहस्य सोडून दिले आणि तिचा आवाज तेवढा ठेवला. या निवडीत त्यांनी शहाणपणा दाखविला, असेच म्हणावे लागेल.

तो आवाज म्हणजे काय? अर्जेंटिनाच्या स्पॅनिशमध्ये जवळिकीच्या ‘तू’साठी स्पेनमधील ‘तु’ नव्हे, तर ‘वोस’ हे सर्वनाम वापरतात. एके काळी ‘वोस’ हे आदरार्थी होते. दरबारातून ते उतरत उतरत गल्लीत आले आणि आता मित्र, भावंडे, संघातील गडी यांच्यात रुळले आहे. मेजावरील खेळाडू एकमेकांशी या ‘वोस’मध्ये बोलतात, भांडतात, फुशारक्या मारतात. त्यांपैकी बेतो हा आत्मप्रौढीचा पुतळा स्वतःविषयी तृतीयपुरुषात बोलतो : बेतो असे करत नाही, बेतोला हे शोभत नाही. अर्जेंटिनी प्रेक्षकाला यात फुटबॉलच्या नामवंतांची लकब तत्क्षणी ऐकू येते. मारादोना यांना स्वतःचा उल्लेख नावाने करण्याची सवय होती हे तेथे मुलांनाही माहीत आहे. स्पेनमध्ये चित्रपट गेला तेव्हा तेथील नटांकडून आवाज पुन्हा घेण्यात आले. स्पॅनिशमधून स्पॅनिशमध्ये भाषांतर! व्यापाराच्या दृष्टीने याचे समर्थन करता येईल. परंतु ज्या प्रेक्षकाने खेळाडूंचे बोलणे असे धुऊन-पुसून ऐकले, त्याने ‘पात्रे ठोकळेबाज आहेत’ असा अभिप्राय दिल्यास तो कोणाविषयी समजावा? पात्रांविषयी, की त्यांना मिळालेल्या नव्या जिभांविषयी?

फोन्तानारोसा यांच्याच संदर्भात येथे आणखी एक गोष्ट आठवते. नोव्हेंबर २००४ मध्ये रोसारिओ येथे स्पॅनिश भाषेची आंतरराष्ट्रीय परिषद भरली असता, विद्वानांच्या त्या मेळाव्यात त्यांनी ‘वाईट शब्दां’विषयी भाषण केले. हे शब्द वाईट का, ते ठरविले कोणी, ते इतर शब्दांना मारहाण करतात काय, असे भाबडे वाटणारे प्रश्न विचारून त्यांनी शेवटी त्या शब्दांसाठी सार्वत्रिक माफीची मागणी केली. एका शिवीचे सारे बळ तिच्यातील ‘र’ या वर्णात आहे आणि क्यूबातील लोक तो ‘र’ मऊ उच्चारत असल्यामुळे त्यांची मोठीच हानी होते, अशा आशयाचे त्यांचे निरीक्षण ध्वनिशास्त्राच्या वर्गात सांगण्याजोगे आहे. विनोद बाजूला ठेवला तरी मुद्दा उरतोच. फुटबॉलच्या मैदानावरची भाषा शिव्यांवाचून लंगडी असते, आणि कुटुंबासह पाहावयाच्या चित्रपटात शिव्या चालत नाहीत. ‘मेतेगोल’च्या लेखकांनी शिव्यांची जागा बढाईने, टोमण्याने आणि उच्चाराच्या हेलाने भरून काढली. म्हणूनच तेथे हेल गेला, की फार काही जाते.

मराठीत हा चित्रपट आणावयाचा झाला तर कोणत्या मराठीत आणावा? हा प्रश्न काल्पनिक असला तरी पोकळ नाही; कारण केडगावचा प्रेक्षक आज जे परदेशी बालचित्रपट पाहतो ते बहुधा हिंदीच्या किंवा इंग्रजीच्या द्वारे, म्हणजे मूळ आवाज एकदा पुसला गेल्यावर. शुद्धलेखनाच्या पुस्तकातील मराठी बेतोच्या तोंडी घालणे म्हणजे त्याला दुसऱ्यांदा दांडीला जखडणे होय. नगरकडील ‘व्हता’, ‘नाय’, ‘लई’ यांनी गावकऱ्यांचे काम भागेल. परंतु खेळाडूंसाठी कोल्हापूरकडेच जावे लागेल. महाराष्ट्रात फुटबॉल पेठेपेठेच्या अभिमानाने जगतो तो तेथे; पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींच्या नावांनी संघ उतरतात, आणि शाहू स्टेडियमवर एका पेठेने दुसरीला हरविले याची चर्चा घरी जेवतानाही चालते. कुस्तीच्या तालमीने आपले नाव आणि आपली मस्ती फुटबॉलला द्यावी, हा योग मोठा आहे. बेतोच्या तृतीयपुरुषाला तर मराठीत तयार प्रतिरूप आहे : फुशारकीचे ‘आपण’. ‘आपण नाय कुणाला भीत’ असे म्हणणारा गडी एकटाच असतो, पण सर्वनाम आदरार्थी घेतो. आणि तो आदर स्वतःचाच असतो! ‘वोस’ आदरातून जवळिकीत उतरले, तर हे ‘आपण’ आदरातून बढाईत शिरले. कोशात या अर्थाला मिळते त्याहून अधिक जागा लोकांच्या बोलण्यात आहे.

कप्तानाला इतरांनी ‘तू’ म्हणावे की ‘तुम्ही’, हा बारकावाही सोडून चालणार नाही. तालमीत वस्तादाला ‘तुम्ही’ म्हणतात. बरोबरीच्या कप्तानाला मात्र ‘ए कप्तान’ म्हणूनच हाक जाते. मेजावरील कप्तान दुसऱ्या प्रकारचा आहे. तो नेता आहे, गुरू नाही, हे एका सर्वनामाने सांगता येते, आणि चुकीच्या सर्वनामाने बिघडवताही येते.

याचा अर्थ चित्रपटावरील सर्व आक्षेप भाषांतराच्या माथी मारावेत असा नव्हे. काही उणिवा कोणत्याही भाषेत उणिवाच राहतील. मध्यभागातील विखुरलेल्या खेळाडूंची शोधाशोध लांबलेली आहे. तेथे पाठलाग पुष्कळ होतात आणि बोलणे कमी, आणि या चित्रपटाचे बळ पाठलागात नाही. लाउरा ही नायिका हुशार असल्याचे सांगितले जाते, पण कथानक तिला दोन पुरुषांतील पैजेची वस्तू करून ठेवते. मोठ्या वयाच्या प्रेक्षकांचा हा आक्षेप रास्त आहे. संगणकाच्या खेळांत गढलेल्या मुलाला बापाने लाकूड-लोखंडाच्या खेळाची गोष्ट सांगावी, आणि ती गोष्ट संगणकानेच रेखाटावी, यातील विसंगती लेखकांना दिसली असावी. तिच्याशी ते थोडे खेळलेही असते तर बरे झाले असते. उलट प्रारंभी वानरांना चेंडू सापडल्याचे जे विडंबन आहे ते मुलांना नुसते हसविते आणि मोठ्यांना कुब्रिकच्या चित्रपटाची आठवण देते. एका दृश्याने दोन पिढ्यांशी निरनिराळे बोलण्याची ही हातोटी चित्रपटात आणखी चार ठिकाणी दिसावयास हवी होती.

शेवटाविषयीची मते मात्र जपून वाचली पाहिजेत. नायकाचा संघ हरतो याने काही प्रेक्षकांचा विरस होतो. लहान मुलांनी विचारावे, की मग इतके सगळे कशासाठी? अर्जेंटिनी प्रेक्षकाला हा प्रश्न तितका बोचत नसावा. तेथे आपल्या पेठेचा संघ हरत असताही त्याच्याशी एकनिष्ठ राहणे हाच फुटबॉलप्रेमाचा पुरावा समजतात. स्वतः फोन्तानारोसा हे रोसारिओ सेन्त्राल या संघाचे जन्माचे भक्त होते आणि अशा निष्ठेवर त्यांनी कथा लिहिल्या. कोल्हापूरच्या प्रेक्षकालाही हे समजावून सांगावे लागणार नाही. केडगावच्या प्रेक्षकाला लागेल. त्याचा खेळ निराळा आहे. तेव्हा अशा चित्रपटाविषयी मते गोळा करणाऱ्याने ‘आवडला की नाही’ हे विचारण्यापूर्वी तीन गोष्टी नोंदवून घ्याव्यात : चित्रपट कोणत्या नावाने पाहिला, कोणत्या भाषेत ऐकला, आणि तो खेळ स्वतः कधी खेळला होता काय. या तीन उत्तरांवाचून गोळा केलेली मते मोजता येतील, वाचता येणार नाहीत.

राहता राहिले मराठी नाव. ‘अजिंक्य’ खोटे आहे, ‘दुबळे’ रडके आहे, आणि ‘टेबल फुटबॉल’ हे नाव नसून वर्णन आहे. लाकूडतोड्याच्या चालीवर ‘गोलमाऱ्या’ हा शब्द बनविता येईल. मूळ शब्दाची बांधणी आणि रस्त्याचा वास, दोन्ही त्यात राहतात. पण असा शब्द विद्यापीठाने सुचवून रुळत नसतो. त्यासाठी आधी एखाद्या मंडळाच्या खोलीत, कॅरमच्या शेजारी, एक जुने मेज यावे लागेल आणि त्याच्या दांड्या काही वर्षे खडखडाव्या लागतील. मग मुले त्याला काय म्हणतील ते म्हणतील.